नावाचा रकाना

सात वाजून दहा मिनिटांनी
पवननगरच्या कोपऱ्यावर घंटागाडी वळते.
त्याआधी काय करायचं ते मला पाठ आहे.
कांद्याची टरफलं, चहाचा चोथा, कालची मेथी: ओल्यात.
दुधाच्या पिशव्या विसळून सुक्यात.
फुटला पेला कागदात गुंडाळून
वर लाल पेनाने ‘काच’,
कारण गाडीवरची मंदाताई हातमोजे घालत नाही,
घातले की पिशवीची गाठ सुटत नाही म्हणते.
सुया वेगळ्या.
दोन वर्षं आमच्या घरात सुया वेगळ्याच असायच्या.

गादी मात्र तिने घेतली नाही.
‘दादा, ही आमच्या गाडीत बसत नाही.
डेपोवर न्या, पाथर्डीला. गेटवर पावती करतात.’
वरच्या मजल्यावरचे खैरनार म्हणाले,
रात्री नासर्डीच्या पुलाखाली ठेवून या,
कोण विचारतंय?
खरंच, कोण विचारणार होतं.
पण आईची गादी.
मधोमध तिच्या कुशीएवढा खड्डा,
कापसाने धरून ठेवलेला.
पुन्हा पिंजून घ्यावी तर
पिंजाऱ्याची तार या गल्लीत
कधी बंद पडली, आठवतही नाही.

छोट्या टेम्पोत ती आडवी,
मी तिच्याशेजारी उभा.
पांडवलेण्याचा डोंगर डावीकडून सरकत मागे गेला.
मग वास आला.
आधी आंबूस, मग गोड, मग काहीच नाही,
नाक सवयीचं झालं.
आत खताचे ढीग वाफा सोडत होते
थंडीच्या सकाळी, रांगेत,
म्हशी बसल्यासारखे.
वर घारी.

काट्यावर भरला टेम्पो एकदा,
रिकामा टेम्पो एकदा.
वजाबाकी: पंधरा किलो.
आई शेवटी यापेक्षा फार नव्हती.

खिडकीतला पोरगा, कानात बोळा, हातात पेन.
‘वस्तू?’
गादी.
‘कुठून?’
सिडको.
‘नाव?’
कचरू.
पेन थांबलं.
‘काका, वस्तूचं नाही. तुमचं नाव.’
तेच सांगतोय, बाळा.
कचरू सावळीराम गांगुर्डे.

मागच्या ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवला,
तरी मी सांगितलं त्याला.
वावीला, सिन्नर तालुक्यात,
माझ्याआधीची दोन गेली, बारसं होण्याआधीच.
मग मी झालो तेव्हा आईने
पाचव्या दिवशी मला उकिरड्यावर ठेवलं,
शेणात, राखेत, केरात,
आणि पाठ फिरवून घरात गेली.
शेजारणीने उचलून आणलं,
‘हे घे गं, कचऱ्यात सापडलं.’
आईने सुपात धान्य घालून विकत घेतलं मला.
टाकलेल्याला यम हात लावत नाही म्हणे.
नाव तेच ठेवलं.
शाळेत हसायचे, अंबडच्या कारखान्यात हसायचे,
हजेरीवर, लग्नपत्रिकेवर.
एकदा मीही तिच्यावर ओरडलो होतो यावरून.
ती नुसती म्हणाली, ‘जगलास ना?’

पोरगा गप्प.
मग त्याने पावती फिरवून दाखवली.
नावापुढे त्याने घाईत ‘कचरा’ लिहिलं होतं.
शेवटचा काना खोडून
त्याने खाली उकार दिला,
जरा मोठाच, नीट दिसावा असा.

दोन माणसांनी गादी उतरवली.
एकाने ती झटकली, सवयीने,
अंथरायची असल्यासारखी.
पंजा असलेलं यंत्र लांब होतं अजून.
‘थांबायची गरज नाही,’ तो म्हणाला.
मी थांबलो नाही.
गेटपर्यंत आलो
आणि पाठ न फिरवता
शेवटची काही पावलं
उलटा चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी सात दहाला
मंदाताईने विचारलं, ‘झालं काम?’
झालं, म्हटलं.
डबा तिच्याकडे दिला.
तिने मोकळा करून,
आपटून, परत दिला.