जाळीपलीकडचा भोंगा

वीस वर्षं मी त्याला अख्खा असा पाहिलाच नव्हता,
तारेच्या चौकोनांत कापलेला पाहिला होता:
एका चौकोनात मिशी, एकात सोन्याचा दात,
खालच्या चौकोनात सायकलवरून उपटून आणलेला
पाववाल्याचा रबरी भोंगा.

फातोर्ड्याच्या पूर्वेकडच्या पायऱ्या. मधे जाळी.
इकडे आम्ही, म्हापशाहून टेंपोत उभे राहून आलेले पिवळे.
तिकडे साष्टीचे किरमिजी,
ज्यांना घरून चालत येता यायचं
आणि तरी ते उशिरा यायचे.

आमची फ्री किक चुकली की भोंगा.
आमचा गोलकीपर चिखलात घसरला की भोंगा.
आमच्या रोहिदासचं लग्न मोडलं,
पेपरात आलं नव्हतं, पण भोंग्याला कळलं होतं.
मी वीज खात्यातला सभ्य माणूस,
बिलं थकवणाऱ्यांनाही अहो-जाहो करणारा,
जाळीशी जाऊन त्याच्या सात पिढ्यांच्या भट्ट्या विझवायचो.
तो म्हणायचा, "नदी उतरून आलास, पोहत परत जाशील."
मी म्हणायचो, "तुझा पाव फुगत नाही, तशीच तुझी टीम."

सेराफीन बार्रेटो, कुडतरी:
हे नाव-गाव मला पोलिसांमुळे कळलं,
ज्या दिवशी आम्हा दोघांनाही
वेगवेगळ्या गेटांनी बाहेर काढलं तेव्हा.

मग खाणी थांबल्या. बार्जी नदीत रिकाम्या उभ्या राहिल्या.
मालकाच्या ऑफिसात कुणीतरी
खर्चाच्या वहीतल्या एका ओळीवर रेघ मारली,
ती ओळ म्हणजे किरमिजी क्लब निघाली.

मी पेढे वाटले. खोटं कशाला बोलू.
खात्यात प्रत्येक टेबलावर एक.

त्या मोसमात पहिल्याच मॅचला आम्ही चार गोल घातले,
कुठल्याशा बँकेच्या टीमला.
जाळीपलीकडे पायऱ्या, पायऱ्यांवर एक कुत्रं,
कुत्र्याला फुटबॉलचं काही पडलेलं नव्हतं.
चौथ्या गोलाला मी सवयीनं तिकडे वळलो,
तोंडात शिवी तयार, गरम,
आणि ती तशीच गिळावी लागली.
पोटात उतरेपर्यंत पोळत गेली.

पुढे पहाटे आमच्या आळीत पोदेर यायचा पोंय पोंय करत
तर मी अंथरुणात उठून बसायचो:
कोण चुकलं?

बायको म्हणाली, जा एकदा कुडतरीला.
बघून ये जिवंत आहे का.

डिसेंबर. कापणी झालेलं शेत, टाचेखाली धसकटं.
माडाचे चार दांडे रोवून केलेले गोलपोस्ट.
बांधावर तो. दात तोच.
मधे जाळी नव्हती, म्हणून पूर्ण दिसला,
आणि मला वाटायचा त्याहून बराच बुटका निघाला.

मी शेजारी बसलो. त्यानं सरकून जागा दिली नाही.
समोर पोरं खेळत होती, क्लबांच्या जुन्या जर्स्या घालून,
भंगारवाल्याकडून किलोवर घेतलेल्या,
आमच्या पिवळ्या, त्यांच्या किरमिजी,
एकाच टीममध्ये.
रोहिदासचा दहा नंबर गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या पोरानं
किरमिजी चार नंबरला पास दिला.
त्यानं तो घेतला!
आणि गोल.

सेराफीन बांधाखाली थुंकला.
"लज ना हांकां."
"नाहीच," मी म्हणालो.

एवढं एकमत आम्हा दोघांनाही झेपेना.
तो घाईघाईनं म्हणाला,
"शहाण्णवचा तो गोल. हात लागला होता."
"छाती होती."
"हात."
"छाती!"

शेवटची बस सहा-दहाची. ती गेली असावी.
काळोखात पोरं कुणाच्या तरी वांग्यांत चेंडू शोधत होती.
तो उठला, सायकलकडे गेला.
मला वाटलं, निघाला घरी.
भोंगा सोडवून घेऊन आला
आणि अगदी माझ्या कानापाशी धरला.