रकाना

युनियनचं पावतीपुस्तक एकोणीस वर्षं माझ्याकडे होतं.
कार्बन निळा, बोटं निळी.
ताटावर बसलो की बायको म्हणायची,
आधी हात धू, मग क्रांती कर.

हिंगण्याच्या शेडमध्ये आम्ही कुलरच्या मोटरी गुंडाळायचो.
अर्धं नागपूर आमच्या हातानं गार व्हायचं
आणि मे महिन्यात त्या पत्र्याखाली
तांब्याची तार धरवत नसे.
सतरा दिवस गेटबाहेर बसलो तेव्हा
थंड पाण्याची टाकी आली,
एकशे ऐंशी रुपये वाढ
आणि बायांच्या संडासाला कडी.
हसू नका. कडीवर तीन बैठकी झाल्या.

शालिक वंजारी सतराही दिवस बसला आमच्यात,
डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून.
पण वर्गणी? नाही.
महिन्याला दहा रुपये. नाही.
"मले काम पायजे भाऊ, पावती नाही पायजे.
लडाई आहे तं मी येतोच ना.
मंग जबरदस्ती कायले?"

त्याच्या बापाच्या पावत्या मी पाहिल्यात,
बिस्किटाच्या डब्यात, सुतळीनं बांधलेल्या,
गिरणीच्या काळातल्या, एक महिना न चुकलेला.
गिरणीला कुलूप लागलं त्याच आठवड्यात
पुढाऱ्याच्या अंगणात नवी जीप उभी राहिली.
मरताना बापानं डबा दिला पोराला.
दुसरं द्यायला नव्हतंच.

तरी मी बोललोच एकदा:
टाकीचं पाणी तर पितोस ना?
दुसऱ्या दिवसापासून तो घरून बाटली आणू लागला.
वाढीचे पैसे परत करायला ऑफिसात गेला.
कारकून म्हणाला, तसा रकाना नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी त्याचा बडग्या काढला.
तरटाचं अंग, पोटात तणीस,
गळ्यात पाटी: फुकट्या.
अंगातला शर्ट माझा होता. जुना. मीच दिला होता.
घेऊन जाऽ गे मारबत, सगळे ओरडलो.
शालिक गर्दीतच होता, पोरगी खांद्यावर.
पेटवायच्या आधी जवळ आला, नीट पाहिलं,
म्हणाला, "पोट जरा जास्तच मोठं केलं बे माह्यं."

मग नियम झाला.
मालकानं सही केली, आम्हीही केली:
पावतीशिवाय गेटच्या आत पाऊल नाही.
सभेत हात वर गेले. माझाही गेला.
त्या रात्री कंदील नव्हता, वादळ नव्हतं,
साधी ट्यूबलाइट होती, तिच्याखाली
शालिकच्या नावाची पावती फाडली,
दहा रुपये माझ्या खिशातले.
पुढच्या महिन्यात परत.
गेटवर मीच उभा, मीच त्याला आत सोडणारा.
चौदा महिने.

मग हिशेबाची यादी भिंतीवर लागली.
संध्याकाळी तो घरी आला, सायकल दारात आडवी टाकून.
एकशे चाळीस रुपये, बरेचसे नाणी,
बाजेवर मोजून ठेवले.
"नौकरी वाचवली तू माही, खरं हाये.
पण एक 'नाही' होतं ना भाऊ माह्याजवळ,
थे तू भरून टाकलं."
चहा ठेवला होता. थांबला नाही.

आता माझी पोरगी बुटीबोरीला जाते, ठेकेदाराकडे.
तिथं युनियन नाही, गेटवर कोणी पावती मागत नाही.
रात्री मोबाइलवर येतं: उद्या येऊ नका.
कारण लिहिलेलं नसतं.
मी म्हटलं, तुम्ही मिळून काही बोलत का नाही?
म्हणाली, कोणासोबत, बाबा?
शेजारची दर महिन्याला बदलते.

हे शालिकला ऐकवावं, वाद जिंकावा,
म्हणून दोनदा निघालो.
दोन्ही वेळा सुभाषनगरच्या वळणावरून
भाजी घेऊन परतलो.

त्याचे एकशे चाळीस रुपये अजून कपाटात आहेत.
वर्गणीत जमा होत नाहीत,
घरखर्चात बसत नाहीत.
पुस्तक उघडून पाहतो कधीकधी.
तसा रकाना नाही.