बुडाखालची ओळ

नवं मडकं आधी रात्रभर पाण्यात ठेवावं,
मग तांदळाच्या पेजेत, मंद आचेवर…
असे सतरा लेख लिहिले मी खानापुरात,
दुकान मिटल्यावर, चाकाशेजारी बसून,
आणि दिले वाटून. ज्याला हवे त्याला. फुकट.
अट एकच : बुडाशी माझी ओळ ठेवा,
भरमू कुंभार, आणि दुकानाचा ऑनलाइन पत्ता.

आबा म्हणाले, मडकं विकायचं सोडून
मडक्याची गोष्ट कसली वाटतोस?
आणि आबांनीच तर रविवारच्या बाजारात
येईल त्याला पाणी पाजलं जन्मभर,
नव्या माठातलं.

महिन्यात आले एकोणीस जण.
त्यातला एक मीच, बेळगावातून, मित्राच्या फोनवरून.
एकानं विचारलं, एष्टु?
आकडा सांगितला. तो गप्प.

काल नंदगडच्या आत्तीनं काहीतरी पाठवलं :
‘वाच, तुझ्या कामाचं आहे.’
नवं मडकं आधी रात्रभर…
खालची ओळ कापलेली.
फक्त घाईत मी ‘पेझेत’ लिहिलं होतं,
ते तसंच,
ओल्या मातीवर राहून गेलेल्या अंगठ्यासारखं.

आत्तीला लिहिलं : छान आहे.
कुणाचं गं?