शून्य पूर्णांक दोन

उद्यमबागेत, तिसऱ्या पाळीला,
निर्वात भांड्यातून काच निघते, अजून कोमट.
मल्लव्वा ती ट्यूबखाली तिरकी धरते.
काचेत ट्यूब, ट्यूबखाली तिचा चेहरा,
शाई सांडलेल्या पाण्यासारखा जांभळट.

मी बटण दाबतो. दीड व्होल्ट.
थर कूस बदलतो,
आणि ट्यूब विझत नाही,
नुसती काचेतून उठून जाते.
मागोमाग चेहराही.

"बेळकु होय्तु," ती म्हणते.
गेला नाही गं, मी सांगतो,
परत फिरायचा तो पलीकडं गेला.
ती हसली असावी. काचेत दिसलं नाही.

रजिस्टरात मी मराठीत लिहितो, ती कन्नडमध्ये.
आकडा तेवढा एकच:
परतणारा उजेड, शून्य पूर्णांक दोन टक्के.
साहेबांना तोही नको आहे.
सात थर दिले, आठवा दिला,
तेवढा काही जात नाही.

पहाटे तिसऱ्या गेटापाशी
चहाच्या गाड्यावरची काच साधी,
तेलकट बोटांचीच काय ती कोटिंग.
आत खारी, बटर,
आणि त्यांच्यावर आम्ही दोघं, अर्धे अर्धे.

मल्लव्वानं थोडं वाकून
त्यात बघत कुंकू सारखं केलं.