खाली

राणीच्या बागेत, फाटकं उघडण्याआधी,
लवू घाग मला मागच्या दारानं आत घ्यायचे.
एका हातात बादली, बादलीत पपई, उकडलेली अंडी,
काखेत कालचं वर्तमानपत्र.

पिंजऱ्यापासून बारा पावलांवर
मायक्रोफोनला लोकरीची टोपी घालून मी बसायचे.
समोर बाबल्या.
गिबन. शेपूट नाही. अंगभर काळा,
भुवया तेवढ्या पांढऱ्या,
कुणी खडूनं ओढून पुसायच्या विसरल्यासारख्या.

सव्वासहाला भायखळ्याच्या पुलावर
पहिला टेम्पो गिअर बदलायचा
आणि बाबल्या सुरू व्हायचा.
हू. हू. हू.
अंधारात कुणी जिना मोजत उतरावं
तशा सारख्या पायऱ्या.
मग त्याच जागेत दोन-दोन, हुकू हुकू हुकू,
चढत चढत
आणि एकदम काहीच नाही.

माझ्या पडद्यावर तिथं सरळ रेघ.
साडेदहा सेकंद, कधी अकरा.
बारा कधीच नाही.
मग पुन्हा हू.

वहीत लिहिलं : विराम. कारण अज्ञात.

घागांनी वाकून वाचलं.
ते काळाचौकीच्या भजनात मृदंग वाजवतात,
नखांत कणीक वाळलेली असते.
"अज्ञात कसलं, बाय? खाली आहे ती.
शेवंतीची जागा.
दोन वर्षं झाली तिला जाऊन, ऐन गणपतीत गेली.
तिची तान एवढीच असायची."
आणि उजवा हात उलटा करून
हवेत सोडून दिला,
टाळी न देता,
तालात सोडतात तसा.

माझ्याआधी इथं बसणाऱ्या मुलीनं ठेवलेली
जुनी ध्वनिमुद्रणं घरी जाऊन उघडली.
त्यांत शेवंती होती.
दहा पूर्णांक आठ.

त्या रात्री आईला देवरुखला फोन केला.
"पत्र्याला अठराशे घेतले मेल्यानं,"
म्हणाली, आणि थांबली.
इथं मागून बाबा म्हणायचे, "एकोणीसशे गं."
मी काही बोलले नाही.
मग ती पुढं निघाली, कौलांबद्दल, मांजरीबद्दल.

हे सगळं कळून
तरीही मी स्पीकर नेला.
प्रश्न विचारायचा होता, मार्गदर्शकांनी सहीसुद्धा दिली होती.
गोरखचिंचेच्या बुंध्याआड तो ठेवला,
आणि बाबल्या थांबला त्या क्षणी
शेवंती वाजवली.

तो समेवर आला नाही.
खाली उतरला.
दोन्ही हात डोक्यावर धरून, दोन पायांवर,
कमरेइतक्या पाण्यातून माणूस चालतो तसा
जाळीपर्यंत आला.
स्पीकरकडं बघितलंही नाही.
वर, त्याच्याच पिंजऱ्यातल्या रिकाम्या दोराकडं बघत राहिला.
चौदा मिनिटं माझं यंत्र
टेम्पो, कावळे आणि माझा श्वास टिपत होतं.

पुढं तीन दिवस गाणं नाही.
पपई तशीच काळी पडली.
घाग मला काही बोलले नाहीत.
फक्त चहा एकच आणायला लागले.

चौथ्या दिवशी मी रिकाम्या हातानं गेले,
का गेले ते सांगता येत नाही.
टेम्पो गेला. गिअर.
बराच वेळ काही नाही.
मग एक हू, घोगरा, जागा चुकलेला,
मग दुसरा, त्याला सावरून घेणारा,
मग पायऱ्या, मग दुप्पट,
आणि तो थांबला.

घागांच्या डाव्या हातात बादली होती.
उजवा नुसता उलटला.
मी मोजलं नाही.
वहीत त्या तारखेला काही नाही.

बाहेर पेंग्विनसाठी रांग लागत होती.
रांगेत कुणाचं तरी तान्हं
रडता रडता थांबलं होतं,
पुढच्या रडण्यापुरता
श्वास घेत होतं.