कडी

गोजराबाईचे शालू माझ्या ताब्यात असतात.
पहिल्या अंकाचा मोरपंखी.
दुसऱ्याचा साधा, काठ उसवलेला.
तो मीच उसवला, दिग्दर्शक म्हणाले म्हणून, ब्लेडनं,
गिरगावातल्या तालमीच्या हॉलमध्ये,
खाली महापालिकेची शाळा सुटत होती.

बखरीत तिच्याबद्दल एवढंच :
*बाईंनी चोरदिंडी उघडिली. गड गेला.*
पाच शब्द.
तीनशे वर्षं पुरले.
आमच्याकडं तर म्हणच आहे,
घरात गोजरा, मग कडी कशाला.

नाटक लिहिणारा ओजस केरकर सव्वीस वर्षांचा,
विक्रोळीला कुठल्या कंपनीत जातो.
त्यानं दाराबाहेर पेठेतल्या बाया उभ्या केल्यात,
कडेवर पोरं, पाठीमागं जळती घरं.
शत्रू त्यांच्या मागून आत शिरला, म्हणतो.
मी विचारलं, हे कागदात आहे?
नाही, म्हणाला,
पण कागद लिहिणारे दाराच्या आत होते ना, मावशी.

आमचं दार प्लायचं.
कडीही प्लायची, काळा रंग दिलेली, पापडाएवढी हलकी.
आवाज विंगेतून येतो.
बाबल्या पेडणेकर पत्र्याच्या डब्यात खरी साखळी सोडतो,
खण्ण,
आणि बाल्कनीपर्यंत माणसं दचकतात.

पंधराव्या प्रयोगाला,
मी निऱ्या बसवत होते, तोंडात पिना,
हेमांगी तांडेल आरशाला विचारावं तसं म्हणाली,
मावशी, दार उघडताना ती रडत असेल का हो?

मी पिना काढल्या तोंडातून.
म्हटलं, रडायला वेळ कुठला,
कडी वाजू नये, एवढंच बघत असेल.

दुसरी घंटा झाली.
ती आरशातून माझ्याकडं बघत होती.

काळाचौकीच्या खोलीची कडी उंचावर होती,
पाटावर चढावं लागायचं.
पदर गुंडाळून मी ती खाली घेतली.
मोरीपाशी सासू झोपलेली,
घोरणं थांबलं की मीही थांबायची.
सुलू अनवाणी होती. तिला माझ्या चपला दिल्या,
एक नंबर मोठ्या.
जिन्यावर त्याच वाजल्या, फटक फटक,
त्यानंच घराला जाग आली.
कडी नव्हती वाजली.

पुढं एकोणीस वर्षं त्या खोलीत माझं नाव गोजरा.
नळावर, पाहुण्यांदेखत, सणासुदीला.
शेवटी शेवटी सासू औषधाच्या गोळीसाठीही
तशीच हाक मारायची,
रागानं नव्हे,
दुसरं नाव आठवायचं नाही तिला.

त्या रात्री हेमांगीनं
रडायची जागा सोडून दिली.
पदर हाताला गुंडाळला,
प्लायच्या त्या कडीवर असा दाबला
की तिला खरंच वजन आलं.
बाबल्या साखळी धरून विंगेत उभा,
तिनं मान हलवली, नको.
सहाशे माणसांत कुणी खोकलं नाही.
नंतर बाबल्या माझ्यावरच चिडला,
मग मी काय करायचं दुसऱ्या अंकात?

पेपरात छापून आलं,
दिग्दर्शकाची सूक्ष्म जाण.
असू दे.

आता दर प्रयोगाला कडीचा काळा रंग पदराला लागतो.
मी लिंबू लावते, रिठा लावते,
तळव्याएवढा डाग राहतोच.
हेमांगी म्हणते, तिसऱ्या रांगेतून दिसत नाही.
दिग्दर्शक म्हणतात, दिसला तर बरंच.
मी आपली घासते.

रविवारी टेम्पो पनवेलला जाणार.
सुलू तिकडंच कुठंतरी राहते, असं ऐकून आहे,
दोन मुली आहेत, शिवणकाम करते.
मला मिळणारा फुकट पास
या खेपेला मी अजून कुणाला दिलेला नाही.