कल्हई

तेवीस डिसेंबर. सकाळचे सात.
गंगेवर धुकं इतकं, की पलीकडे कुणी कपडे आपटतंय
ते नुसतं ऐकू येतं.
आईचं पितळी पातेलं पोत्यात बांधून
सायकल हातात धरून
मी तांबट आळीत शिरतो.

वर्षातून एकदाच उतरतं ते माळ्यावरून,
नाताळच्या रश्श्यासाठी.
काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं वडिलांचं नाव,
शलमोन दगडू अमोलिक, शरणपूर.
आत मात्र हिरवट काळं.
यात काही शिजवलं तर कळकेल.

भिकाशेठ बोट फिरवतात. बोटाचा वास घेतात.
"उशीर केलात. दोन-तीन वर्षं टाळलंत ना?"
नऊ, मी म्हणत नाही.
"जाईल का?"
"जाईल. पण तापवावं लागेल.
घासून जाणारातलं नाही हे."

मी नाशिकरोडला प्रेसमध्ये होतो,
तपासणीवर, एकतीस वर्षं.
नव्या नोटांचे ताव डोळ्यांखालून सरकायचे.
शाई पसरलेली, बाजूला.
कड सरकलेली, बाजूला.
नंबर फिका, बाजूला.
हाताला अशी सवय लागली
की घरी येऊनही तो थांबेना.
धाकट्या एलियाला मी असाच काढला,
दोन खोल्यांच्या हिशोबात
एक आकडा जुळेना म्हणून.

भाता फुसफुसतो. कोळसे उघडतात डोळे.
पातेलं सांडशीत गरगर फिरतं,
लाल होईस्तोवर नाही, त्याच्या जरा अलीकडे.
ते अलीकडे कुठे, हे फक्त भिकाशेठना ठाऊक.
नवसागराची चिमूट.
पांढऱ्या धुराचा लोट उठतो,
मी तोंड फिरवतो.
धुरानेच, असं त्यांना वाटलं असेल.
कथलाची कांडी टेकते, कापसाचा बोळा फिरतो
आणि एका दमात, तळापासून काठापर्यंत,
चांदणं.

प्रभू,
गव्हाणी म्हटली की मला इतकी वर्षं
थर्माकोल दिसायचा, चमकी, विकतचं पिवळं गवत.
आज या भट्टीपाशी उकिडवा बसून कळतंय,
ते भांडंच होतं.
लाळेनं बुळबुळीत, कोपऱ्यात कालचा कोंडा चिकटलेला,
एखाद्या बैलाने नुकतंच तोंड काढून घेतलेलं.
योसेफाने पुसलं असेल का, अंधारात, खांद्यावरच्या फडक्याने?
की वेळच नव्हता,
आणि तू तसाच उतरलास त्यात,
काहीही न तपासता?

एलिया ओझरकडे एका द्राक्षबागेवर असतो म्हणे.
पारा खाली गेला की रात्रभर
ओळी-ओळीत शेकोट्या पेटवायच्या, घड तडकू नयेत म्हणून.
मेंढरं नाहीत, वेली आहेत, पण जागरण तेच.
तुझा दूत आलाच या वर्षी
तर त्याच्याकडे जाईल, सरळ आहे.
तपासणीवाल्याकडे कोण येतं?

परतताना देवळात डोकावलो.
शिडीवर पोरं तारे बांधत होती,
एकाच्या तोंडात सुतळी.
मी नेहमीच्या बाकावर बसलो,
आणि जागा नव्हती असं नाही,
तरी पातेलं शेजारीच ठेवलं,
जिथे तो बसायचा, पाय हलवत.
डोळे मिटले. शब्द आले नाहीत.
नवसागराचा वास येत होता अंगाला.
हे रिकामं आहे, एवढंच म्हणालो,
पातेल्याबद्दल की कशाबद्दल
ते तू ठरव.

पंचवीस माणसांचं आहे पातेलं.
घरात आता आम्ही दोघं.

जुन्या डायरीत त्याचा नंबर आहे.
ओल लागून शाई उडालीय,
शेवटचे तीन आकडे अगदी फिके.
खिडकीशी नेऊन धरला.
वाचता येतो.